विनंतीवरून कार्यमुक्त

"हे अक्षर कोणाचं, बाई?"

साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. मी उभी होते. समोरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा, असं कोणी म्हटलं नाही.

"माझंच, सर."

"मग वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. 'मी, शिवणकाम निदेशिका, घरगुती कारणास्तव माझ्या विनंतीवरून आज सेवेतून कार्यमुक्त होत आहे.'

"आता पुढचा."

पुढचाही तोच. फक्त वर्ष वेगळं. असे चौदा अर्ज होते. पाचव्या अर्जाला शेजारच्या टेबलावरचे कारकून हसू दाबायला लागले. साहेबांनी मला चौदाही वाचायला लावले.

"दरवर्षी तुम्ही सोडून जाता, दरवर्षी आम्ही परत घेतो. आणि आता म्हणता, कायम करा. सोडून जाणाऱ्या माणसाला?"

मी तुरुंगाच्या महिला विभागात शिवण शिकवते. शिकवत होते. आदेश अकरा महिन्यांचा. मग एक दिवस खंड, मग नवा आदेश. सेवा सलग मोजली जाऊ नये, म्हणून तो एक दिवस. कार्यालय तो खंड स्वतः देत नाही. आम्हालाच अर्ज करून मागायला लावतं.

आणि त्या अर्जाचा नमुना मी केलेला.

मला कामं नीट लागतात. रोज वर्ग सुटताना कात्र्या, सुया, टेप यादीप्रमाणे मोजून घ्यायच्या. एक सुई कमी भरली तरी एकही बाई बराकीत परत जात नाही. चौदा वर्षांत माझी एक सुई हरवली नाही. पहिल्या वर्षी आम्ही सहा निदेशकांनी सहा तऱ्हेचे अर्ज लिहिले. सगळे परत आले. तेव्हा मीच एक नमुना बसवला आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला दिला. कार्यालयातले मोठे बाबू म्हणाले, "असं काम पाहिजे." मला बरं वाटलं. पुढे दरवर्षी आठवडाभर आधी मीच सगळ्यांच्या मागे लागायची. अर्ज दिला की वहीत नावापुढे बरोबरची खूण.

माझा बाप कामठीत हातमागावर विणकर होता. मालक दाखवील तिथे अंगठा लावायचा. मला शिकवलं ते कागद वाचून सही करता यावी म्हणून. मी तर कागदच लिहून दिला.

वर्गातल्या बायकांना खंड ठाऊक होता. त्या त्याला माझी पॅरोल म्हणायच्या. "मॅडम, आमी पॅरोलसाठी वर्ष वर्ष रडतो. तुमाले न मागता भेटते." मीही हसायची.

साहेबांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा सुतारकाम शिकवणारे दादा व्हरांड्यात उभे होते. वयाने मोठे, नोकरीत माझ्याएवढेच जुने. खंडाला चार दिवस उरले होते.

"दादा, यंदा मी अर्ज देत नाही."

"काहून डोक्याले ताप करून घेऊन राहिल्या, ताई? एक सही तं आहे. मारून द्या."

"ती चौदा वेळा मारली."

"मंग पंधरावीनं काय होते?"

घरात कमावणारी मी एकटी. मुलगी बारावीला. दादांनी अर्ज दिला. बाकीच्या चौघांनीही दिला. मी त्यांना दोष देत नाही. नमुना त्यांच्याकडे होताच.

खंडाच्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला जरीपटक्याच्या घरून निघाले आणि तुरुंगाच्या फाटकावर उभी राहिले. ओळखीच्या शिपायाला म्हटलं, "रजिस्टरमध्ये लिहा, कामावर हजर."

त्याने मान खाली घातली. "तुमचं नाव आज यादीत नाही, मॅडम. माह्यी नोकरी जाईन."

"मग मला आत घेतलं नाही, एवढं तरी लिहा."

"तेही नाही लिहिता येत."

मला बाजूला, कैद्यांच्या भेटीला आलेल्या नातेवाइकांच्या रांगेजवळ थांबायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबले. कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच जणांचे आदेश आले. माझा आला नाही. मोठे बाबू फोनवर म्हणाले, "अर्ज आणून द्या, विषय संपला. मागची तारीख टाका."

मागची तारीख टाकली असती, तर लगेच दुसऱ्या दिवशी वर्गात असते.

टाकली नाही. माझा वर्ग बंद आहे. शिलाई यंत्रांवर कापड टाकून ठेवलंय म्हणतात. रोज दहा वाजता घरात काय करावं ते मला कळत नाही. कोर्टात दावा टाकलाय; त्यात किती वर्षं जातील, कोणी सांगत नाही. कदाचित मी परत जाणारच नाही.

पण मी स्वतःहून गेले, असं माझ्या हाताने आता लिहिलं जाणार नाही. मला काढायचं असेल तर त्यांनी काढावं. त्यांच्या कागदावर, त्यांच्या सहीने, कारण लिहून.