बुचाची बैलजोडी

दुसरबीडच्या थांब्यावर एस.टी. आली, तेव्हा मायनं माझ्या ट्रंकेवर हात ठेवून एकच सांगितलं, "तिथल्या रिकाम्या बाटल्या फेकू नको वो बाई. येतानी घेऊन येजो. घासलेटाले कामी येतात." जावई पुण्यात लष्करी मेसमध्ये वेटर, म्हणजे बाटल्यांना तोटा नाही, एवढं तिनं हेरलं होतं. सासरी निघालेल्या लेकीला याहून बरं काही सांगता आलं असतं. मी रुसूनच खिडकीशी बसले.

तरी बाटल्या नेल्या. दर दिवाळीला, राखेनं घासून, वास जाईपर्यंत धुऊन. दारूबंदीचे दिवस होते, कंडक्टर पिशवी हुंगून बघायचा. साहेब लोकांच्या वाइनच्या त्या हिरव्या बाटल्या, आणि त्यांची जाडजूड बुचं.

मग भावाचं लग्न झालं आणि साखरखेर्ड्याची सखूवहिनी घरात आली. तिनं बाटल्यांत घासलेट भरलंच नाही. घासलेटात भिजवलेलं सूत बाटलीच्या गळ्याखाली बांधायची, पेटवायची आणि बाटली गार पाण्यात बुडवायची. गळा टक्कन सुटा व्हायचा. काठ दगडावर घासून, वर रंगीत मणी ओवून तिनं फुलदाण्या केल्या, दिव्यांना हिरव्या काचा केल्या. येणारा-जाणारा उंबऱ्यातच थबकायचा. माय म्हणायची, "आमच्या सुनेच्या हाताले गुण हाये." बाटल्या कुणी वाहून आणल्या, हे कुणी विचारलं नाही. माझी माय, माझं घर, बाटल्याही माझ्याच, आणि कौतुक हिचं! अंगाचा तिळपापड व्हायचा. पुण्यातल्या खोलीत मीही सूत पेटवून पाहिलं. तीन बाटल्या फुटल्या, बोट कापलं.

एका दिवाळीला पाहते तर माझ्या लहानपणीच्या बाहुलीच्या कोनाड्यात बैलजोडी. अंग बुचाचं, पाय तुरकाठीचे, शिंगं बाभळीच्या काट्यांची, पाठीवर लाल चिंधीची झूल. बाहुली कुठं गेली ते मी विचारलं नाही. निघताना त्यातला एक बैल पिशवीत टाकला. दोन्ही नेले तर चोरी दिसेल, एक नेला तर हरवला म्हणतील, एवढा हिशेब केला. शेतकऱ्याची लेक मी, पण जोडी फोडू नये हे तेव्हा आठवलं नाही.

पुढच्या पोळ्याच्या आधी भाऊ पुण्याला आला. कापसात गुंडाळलेलं काहीतरी हातात देत म्हणाला, "तुही वयनी म्हणे, एकला बैल चारा खात नाही, याले त्याच्यापाशी बांधजा. मले तं काही समजलं नाही वो."

मला समजलं. आतमध्ये जाऊन रडले, आणि खरं सांगते, रडतानाही जळलेच. हातानं मोठी ती मोठी, मनानंही मोठी! तिनं मला एका तरी गोष्टीत वरचढ होऊ द्यायचं होतं.

वहिनीनं तो कोनाडा रिकामाच ठेवला. एकदा मी विचारलं, "दुसरी जोडी काऊन नाही केली?"

"हाये ना आपली. पुण्यात हाये," ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली. मायला तिनं शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही.

आता माय नाही. माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या बायका अजून 'आमचं घर' म्हणतात, मीही म्हणते. पण ते घर वहिनीचं आहे, आणि त्यातला माझा वाटा तिनं दिला तेवढाच. दर पोळ्याला जोडी पाटावर मांडून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवते. एकाचं शिंग माझ्या पिशवीत मोडलं होतं. चोरलेला कोणता आणि दिलेला कोणता, ते लांबूनही कळतं.