सुलभाच्या वहीतला सातवा घसा

सुलभा गेल्याची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर आली. त्या बातमीच्या लगेच वर टाकी धुण्याची सूचना होती, त्यामुळे पहिले काही जोडलेले हात नेमके कशासाठी ते कळायला वेळ लागला. तिला हे आवडलं असतं. शोकसभेत एकाने तिला ‘मुलुंडच्या आरोग्याचा दीपस्तंभ’ म्हटलं, ते मात्र आवडलं नसतं. ती माझी शाळेतली मैत्रीण, आणि दोन खोल्यांच्या दवाखान्यात तीसेक वर्षं लोकांचे घसे बघत बसलेली साधी फॅमिली डॉक्टर. दीपस्तंभाला घसे बघावे लागत नाहीत.

घसा दुखला की आमच्याकडची आई आधी आइस्क्रीमला दोष देते आणि मग अँटिबायोटिक मागते. सुलभा टॉर्च मारायची. नाक वाहतंय, खोकला आहे? मग व्हायरल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर आणि माझं डोकं खाऊ नकोस. पण ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा पत्ता नाही, असं दिसलं की तिची थट्टा थांबायची. गोळ्या लिहून ती ‘दहा दिवस म्हणजे दहा दिवस’ हे तीनदा बजावायची. तिच्या थोरल्या बहिणीचा असाच घसा लहानपणी घरच्यांनी अंगावर काढू दिला होता, आणि पुढे तिच्या हृदयाची झडप बिघडली. हे ती पेशंटना सांगत नसे. मला माहीत होतं, म्हणून पुढचं जास्त वाईट...

माझी केतकी नऊ वर्षांची असताना वर्षभर तिचे टॉन्सिल सुजत होते. मला ते काढूनच टाकायचे होते, दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे शाळा बुडणार नाही. “टॉन्सिल म्हणजे जुनं कपाट आहे का गं, सुट्टी बघून काढायला?” सुलभा म्हणाली. तिचा नियम साधा होता. वर्षात सात वेळा, आणि तेही तिने स्वतः तपासलेलं खरं दुखणं, तरच सर्जनकडे. हट्ट मात्र नव्हता. झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्या एका मुलाला तिने काहीही न मोजता पाठवलं होतं. केतकीसाठी तिने एक वही घातली. सर्दीच्या घशांना तिथे प्रवेश नव्हता.

सहाव्या वेळी चौथ्याच दिवशी ताप उतरला, केतकी उड्या मारायला लागली, आणि उरलेल्या गोळ्या मी फ्रिजच्या दारात ठेवल्या. आमच्या मजल्यावर तो रिवाजच होता. कोणाकडे कसल्या गोळ्या उरल्यात हे सगळ्यांना ठाऊक असायचं आणि त्या विरजणासारख्या मागून नेल्या जायच्या. या गोळ्या शेजारच्या सावंतवहिनींनी त्यांच्या मुलासाठी नेल्या. पंधरा दिवसांत केतकी पुन्हा तापाने फणफणली.

“कोर्स पूर्ण केलास ना गं?” सुलभाने विचारलं.

“हो, दहाही दिवस.”

तिने पुन्हा दहा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या, वहीत सातवी ओळ लिहिली आणि सर्जनच्या नावे चिठ्ठी दिली. म्हणजे मला हवं होतं तेच झालं. ऑपरेशनची तारीख ठरली. सर्जनने संमतीचा कागद पुढे केला. त्यावर भूल, रक्तस्राव वगैरे नीट छापलेलं होतं आणि खाली पालकांच्या सहीसाठी रेघ होती. मी पेन उघडलं, बंद केलं, आणि कागद पर्समध्ये घालून थेट सुलभाचा दवाखाना गाठला.

“सुलू, गोळ्या मी चारच दिवस दिल्या.”

तिने टॉर्च खाली ठेवला. “आणि बाकीच्या?”

“सावंतवहिनींच्या मुलाने खाल्ल्या.”

“त्याला काय झालेलं?”

“खोकला.”

“झकास. हिला औषध अर्धं, त्याला उगाच.” मग तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. “माझ्या ताईचं माहीत होतं ना तुला?”

मी मान हलवली. तिने वही काढून सातवी ओळ खोडली. “हा सातवा नव्हेच. सहावाच आहे, तू अर्ध्यावर सोडलेला. ऑपरेशन कॅन्सल. आणि या वेळी तू रिकामी स्ट्रिप मला आणून दाखवायचीस.”

तो आठवडा संपायच्या आत हा नियम सगळ्या पेशंटना लागू झाला. काउंटरवरची शालन आधीच्या कोर्सची रिकामी स्ट्रिप तपासल्याशिवाय कोणाला आत सोडत नसे. शोकसभेत दुसऱ्या एका वक्त्याने याला सुलभाची दूरदृष्टी म्हटलं. ती दूरदृष्टी नव्हती, मी होते. केतकीचे टॉन्सिल वय वाढलं तसे शांत झाले आणि अजून जागेवर आहेत.

सुलभा गेल्यानंतर पंधरा दिवसांनी माझाच घसा धरला. नव्या, तरुण डॉक्टरने दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मला ठणठणीत वाटलं. तरी दहाव्या दिवसापर्यंत घेतल्या. अकराव्या दिवशी रिकामी स्ट्रिप पर्समध्ये टाकून मी सुलभाच्या दवाखान्यावर गेले. शालन जुने कागद खोक्यांत भरत होती. तिने काही न विचारता स्ट्रिप घेतली, खिडकीच्या उजेडाकडे धरली, एकेक खळगा अंगठ्याने दाबून पाहिला.

“झाल्या सगळ्या,” ती म्हणाली. “जा आता, ताई.”