जूनमधला कॅन्ससचा बर्फ

चेन्नईला निघताना बायकोने माझ्या बॅगेत स्वेटर भरला. जूनमध्ये, चेन्नईला.

"अगं, तिथं माणसं वितळतात," मी म्हणालो.

"अमेरिका शिकवायला चाललाय ना? मग असू दे."

चेन्नईच्या पेरुंगुडी भागातल्या एका कंपनीत तरुण मुलं-मुली अमेरिकेतल्या बिघडलेल्या वॉशिंग मशिनांच्या तक्रारी फोनवर ऐकतात. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, की आपल्याशी बोलणारं माणूस शेजारच्याच गावात बसलंय. त्यासाठी अमेरिकेतल्या लहान गावांचा भूगोल आणि लोकसंख्या शिकवणारा कुणीतरी त्यांना हवा होता. तिथं मॅनेजर असलेल्या माझ्या भाच्याने वाईच्या शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या मास्तराचं, म्हणजे माझं नाव पुढे केलं. मी अमेरिका पाहिलेली नव्हती. कंपनीने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

चेन्नई सेंट्रलला उतरलो आणि चष्म्यावर वाफ धरली. मुक्कामाची सोय मैलापुरात, आनंदराव नावाच्या गृहस्थांकडे होती. हे तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. दारातच म्हणाले, "या, बसा. तुम्हांस कॉफी होणा?" (हवी का?) मला वाटलं ते तमिळ बोलताहेत, म्हणून मी इंग्रजीत आभार मानले. ते खिन्न झाले. "मी मराठींत बोललों," म्हणाले. प्रमाण मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाचं स्वागत याहून योग्य झालं नसतं.

जेवायला अंबट वरण (सांबाराच्या जवळचं) आणि भात. वाढताना आनंदरावांनी विचारलं, "अमेरिकेंत किती वर्षं होतां?"

"वरण फार छान झालंय," मी म्हणालो.

त्यांची मुलगी वसंती माझ्याच वर्गात शिकणार होती. कंपनीच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. आता शेवटची संधी. ही गेली, की कुंभकोणमला मामाच्या रेशमी साड्यांच्या दुकानात हिशेब लिहायला जायचं, असं घरात ठरलेलं. पास होणाऱ्याला फोनवर वापरायला नवं नाव मिळे. वसंतीने आपलं नाव आधीच ठरवलं होतं: व्हेनेसा. नापास झालं तर तेही परत.

ऑफिसची इमारत काचेची होती आणि आत हिमालय होता. पहिल्याच तासाला मी निमूट स्वेटर चढवला. गळ्यात पट्टा, पट्ट्यावर 'संस्कृती-सल्लागार'. वाईत मला 'जोशी मास्तर' म्हणत. त्यात निदान खोटं काही नव्हतं.

शिकवायला मी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं लेबनन हे गाव निवडलं. पश्चिम आशियातल्या लेबननशी त्याचा संबंध नाही. सपाट जमीन, गव्हाची शेतं, धान्याची उंच कोठारं, गावाचं नाव लिहिलेली पाण्याची टाकी, एकच मुख्य रस्ता. नकाशात हे गाव अमेरिकेच्या जवळजवळ मध्यावर येतं, आणि वस्ती तीनशेच्या आसपास, तीही ओसरणारी.

"तीनशे, सार?" वसंती म्हणाली. "आमच्या वीथींत (गल्लीत) तेवढ्या स्कूटरी आहेत."

"तरी तिथं मेयर असतो," मी म्हणालो.

"मग अप्पांना करा मेयर. आमच्या वीथींत सगळ्यांशी त्यांचं भांडण झालंय, ओळख पक्की आहे."

वर्ग हसला. मीही हसलो, आणि मेयर नक्की काय करतो हे कुणी विचारू नये म्हणून फळा पुसला.

परीक्षेत शिकाऊंनी फोन घ्यायचा आणि गिऱ्हाईक व्हायचं मी. ऐकायला मुख्य कचेरीतून डेबी नावाच्या बाई आल्या होत्या. त्या मूळच्या कॅन्ससच्या, हे मला भाच्याने ऐन वेळी सांगितलं.

वसंतीचा नंबर आला. यंत्राची तक्रार तिने नीट ऐकून घेतली, मग नियमाप्रमाणे दोन आपुलकीचे शब्द: "तिकडे हवा कशी आहे, सर?"

मी स्वेटर घालून, हात काखेत घालून बसलो होतो. तोंडातून निघून गेलं, "बर्फ पडतोय."

जून महिना. कॅन्ससमध्ये त्या वेळी गव्हाची कापणी असते. मीच शिकवलं होतं. तिने माझी चूक सुधारावी तर गिऱ्हाइकाला खोटं पाडल्याबद्दल तिचे गुण जाणार, गप्प बसावं तर भूगोलाचे. काचेपलीकडे डेबीबाईंनी पेन थांबवलं. माझ्या कारकिर्दीत एवढं मन लावून मी कुठल्याच विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट पाहिली नसेल.

"इथंही, सर," ती गोड आवाजात म्हणाली. "शेजारच्याच गावात आहे ना मी."

निकाल नंतर कळवू, असं सांगण्यात आलं. डेबीबाईंनी मला मात्र तिथंच विचारलं, "तुमच्या लेबननमध्ये जूनमध्ये बर्फ कधीपासून पडतो?" 'मला नेमल्यापासून' हे उत्तर मला सुचलं, पण गाडी पुण्याला पोचल्यावर.

परतताना वसंती माझ्याच रिक्षात होती. अड्यारचा पूल ओलांडल्यावर म्हणाली, "सार, तुम्ही तिकडं गेलेच नाहीत, नव्हे?"

"नाही."

"अप्पांना सांगत नाही. ते सगळ्या वीथींत सांगून बसलेत." मग बाहेर बघत म्हणाली, "मला कुंभकोणमला नाही जायचं, सार."

मी मांडीवर स्वेटरची घडी घालत बसलो.

आता घरी येऊन आठवडा झाला. लोक चेन्नईबद्दल विचारतात, आणि मी पंचाईतीत पडतो. समुद्र मी एकदाच पाहिला, तोही बसमधून. वैशिष्ट्यं, पीकपाणी, वस्ती, सगळं पाठ झालं ते न पाहिलेल्या लेबननचं. परवा शेजाऱ्याने वाईची लोकसंख्या विचारली, तर तीही सांगता आली नाही. बायकोने स्वेटर धुऊन ठेवला, म्हणाली, "निदान हा तरी अमेरिकेत वापरून झाला."

काल संध्याकाळी फोन वाजला.

"सार, व्हेनेसा बोलते."

मी खुर्चीत बसलो. मागे मैलापुरातली फुलंवाली ओरडत होती, कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि आनंदराव कुणाशीतरी भांडत होते.

"तिकडे हवा कशी आहे, सार?"

"बर्फ पडतोय," मी म्हणालो.

"इथंही," ती म्हणाली.