गौरीला सांगितलेला नमस्कार

नेहमीसारखं पाचव्या दिवशी विसर्जन धरून मी दिल्लीला परतायचं विमानाचं तिकीट काढलं होतं, आणि यंदा आमचे गौरी-गणपती जाणार होते सातव्या दिवशी! लालबागच्या तिकीटवाल्याने हिशेब सांगितला, "तारीख बदलायचे तीन हजार, शिवाय नव्या दिवसाच्या भाड्यातला फरक. नऊ हजार होतील." मूळ तिकीटच सहा हजारांचं होतं.

शेजारी झेरॉक्स काढायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मेसेज दाखव बघू." पासबुकाचं पान उलटावं तसं बोट ओलं करून त्यांनी माझ्या फोनवरचे मेसेज सरकवले. विमान तीन तास अलीकडे आणल्याचा कंपनीचा मेसेज निघाला. मी तो वाचलाच नव्हता.

"वेळ आधी त्यांनी बदलली. मग दंड तू कशाला भरतोस रे?"

तिकीटवाल्याने कंपनीला फोन लावला. दहा मिनिटांत तारीख बदलली, तीही फुकट! मी ओरडलो, "गणपती बाप्पा!" अख्खं दुकान गरजलं, "मोरया!"

"गौरीला माझा नमस्कार सांग," म्हणत मावशी झेरॉक्स घेऊन निघूनही गेल्या.

सातव्या दिवशी मी गौरीपुढे दोनदा वाकलो. आईने विचारलं, "दुसरा कुणाचा?"

नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. म्हटलं, "जिने मला आज इथे ठेवलं, तिचा."