जावयाच्या गाडीला दसऱ्याची आंघोळ

कसं सांगू राव, आठवलं तरी मान खाली जाते! पण तुम्ही चहा पाजलाय, तर ऐका.

माझ्या मनीषाचा लग्नानंतरचा पहिला दसरा. जावई जुन्या जालन्याचे. दोघं आदल्या दिवशी मंठ्याजवळ आमच्या गावी आले, ते नुकत्याच घेतलेल्या बिनगिअरच्या गाडीत! क्लच न्हाई, गिअर टाकायची भानगड न्हाई. गाव बघायला आल्तं. दसऱ्याच्या संध्याकाळी मात्र पोरीला सासरी पोचायचं होतं. सून म्हणून घरच्यांना पहिलंच सोनं द्यायचं, उशीर कसा चालेल?

सकाळी जावई शेतावर फिरायला गेले. मी ट्रॅक्टर धूतच होतो. म्हटलं, जावयाची गाडीही पूजेसाठी चकाचक करू. मान असतो हो जावयाचा!

बॉनेट उघडलं, तर तेल बघायच्या दांड्या दोन! एक इंजिनची, तेवढं मला कळतं. दुसरी कशाची? गाडीला गिअरच न्हाई, तर गिअरचं तेल कुठलं? म्हणजे हे काहीतरी हत्यारच असणार! अन् दसऱ्याला हत्यारं तर पुजायचीच असतात. मी दांडी उपसली, घासूनपुसून विळ्या-खुरप्यांशेजारी मांडली, हळदकुंकू वाहिलं. वर नमस्कारही केला!

मंग विहिरीच्या मोटारीचा पाइप आणून बॉनेटमध्ये असं पाणी मारलं, की विचारू नका. दांडीचं भोक तसंच उघडं.

दुपारी निघायला गाडी सुरू केली. गुरगुरली, जराशी थरथरली, पण जागची हलेना. जावयांनी बॉनेट उघडलं.

"मामा, इथं एक दांडी होती ना?"

"पूजेत हाये की!"

"कशात?"

बायकोनं कुंकवानं माखलेली दांडी आणून दिली. जावयांनी ती पुसून आत घातली, बाहेर काढली. लालभडक तेल असायचं तिथं गुलाबी फेस!

"मामा, गिअर हाईत हिला. आपोआप पडतात, एवढंच. त्यात पाणी गेलंय."

"मंग चालूच ठेवा की! तापलं की जातंय उडून."

"हात जोडतो मामा, आता बिलकुल हात लावू नका!"

शेवटी गाडी टेम्पोत चढवली. बॉनेटवर झेंडूचा हार, पुढं ड्रायव्हरशेजारी पैठणीतली मनीषा रडकुंडीला आलेली, अन् मागं गाडी धरून मी अन् जावई. जालन्यात पोचलो तर अंधार पडलेला, सोनं वाटून माणसं घरी परतलेली. गल्लीत टेम्पो वळताच व्याही दारातून ओरडले, "ओ, भंगार एमआयडीसीत न्या! गल्लीत कुठं आणून राह्यले?"

तेवढ्यात त्यांना सून दिसली. मंग मागं मी दिसलो. भुईनं पोटात घ्यावं असं झालं बघा!

गाडी पुढं दुरुस्त झाली. आतल्या प्लेटा पाण्यानं फुगल्या होत्या, त्या बदलल्या. 

पुढच्या दसऱ्याला ते आले, पण मंठ्याहून ऑटोनं. गाडी घरीच ठेवून! पाय धुवायला पाणी द्यावं म्हणून मी बादली घेऊन लगबगीनं पुढं झालो.

बादली बघताच ऑटोवाला घाईघाईनं म्हणाला, "जल्दी उतरा साहेब!" अन् जावयाची बॅग घेऊनच पळाला.

मंठ्यापर्यंत पोचलं होतं माझं नाव!