आबांची पाठ

आमच्या घरात आबांचा एकच फोटो आहे, आणि त्यात त्यांचं तोंड दिसत नाही. पाहुणा आला की विचारतो, हा कोण, आणि असा पाठमोरा का? मी सांगतो, माझे वडील, फोटो मीच काढलाय. पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी दुसरीतच सुटली. अक्षराला हसायचं त्याने हसावं.

वलवणचं धरण बांधून झालं त्या सालची गोष्ट. येत्या पावसाळ्यात पाणी अडणार आणि आमचं भाताचं रान तळाशी जाणार, हे ठरलेलं होतं. घर उतरवून वासे-कौलं आम्ही वर माळावर नेली आणि तिथं खोपट घातलं. आबा मात्र रोज उजाडताना तांब्या घेऊन खाली उतरायचे. आपल्या बांधावर उभं राहून उगवत्या सूर्याला पाणी सोडायचं, हा त्यांचा नेम. छातीत खोकला बसला होता. आई ओरडायची, माळावरनं बी दिसतोय की सूर्व्या! ते म्हणायचे, "पान्याखाली गेल्यावर कुटं उभा ऱ्हाऊ? हाय तवर जातो."

मी तेव्हा लोणावळ्यात एका फोटोवाल्याकडे कामाला होतो. हवा खायला आलेली बडी मंडळी फोटो काढून घ्यायची. काचा धुता धुता आणि मागचे पडदे टांगता टांगता कॅमेरा मला कळायला लागला. तेव्हा फिल्म नव्हती. एका काचेवर एक फोटो. मनात आलं, आबा, रान आणि उगवता सूर्य एकाच काचेवर धरायचा. रान तर जाणारच होतं, आणि आबाही फार दिवसांचे दिसत नव्हते. मागं राहणाऱ्यांना काहीतरी पाहिजे.

मालक म्हणाले, "अरे, सूर्याला समोर घेऊन कोणी फोटो काढतं का? काच करपेल." मी हट्ट सोडला नाही. शेवटी वैतागून त्यांनी जुना कॅमेरा दिला आणि चौकटीत भरलेली काच दिली. "ही एकच. दुसरी मागायला येऊ नकोस."

पौषातलं धुकं ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आबा पुढं बांधावर, मी मागं तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावून, आणि मध्ये नुसता पांढरा लोट. त्यात सूर्य कुठं उगवला कळायचंच नाही. वर आला की उकडलेल्या अंड्यासारखा फिका दिसायचा. आबा अंदाजानेच पाणी सोडायचे, मी भिंगाचं टोपण न काढताच कॅमेरा गुंडाळायचो. असं कितीतरी दिवस चाललं. आबा म्हणायचे, "त्यो यायचा तवा यील. तुजी घाई त्येला न्हाई." आणि आई मला वरून टोमणे मारायची, "बाप खोकून मरायला लागलाय, आन ह्यो सूर्व्या पकडतोय!"

मग एक दिवस वारं सुटलं. धुकं खालच्या अंगाला सरकलं आणि लोहगडाच्या बाजूला आभाळ तांबडं झालं. सूर्याची कड वर आली. मी काळ्या फडक्याखालून ओरडलो, "आबा, त्वांड इकडं करा!"

"कुनाकडं?"

"माझ्याकडं. कॅमेऱ्याकडं."

"आन ह्याला पाठ दावू?"

"घडीभर, आबा."

"तूच ये की म्होरं. तू कर त्येला पाठ."

मी म्हणालो, मग फोटोत सूर्य येत नाही, नुसते तुम्ही येता. ते म्हणाले, "मग नगं फोटू."

मला वाटलं, पाणी सोडून झालं की वळतील. थांबलो. त्यांनी पाणी सोडलं, हात जोडले, तांब्या खाली ठेवला. वळले नाहीत. तांबडा रंग पांढरा व्हायला लागला. आणखी थोडं थांबलो असतो तर काचेवर काहीच उरलं नसतं. आबा तसेच पाठमोरे बोलले, "काडायचा तर असाच काड. माजं त्वांड तुला ठावं हाय, तुज्या आयेला ठावं हाय. बाकीच्यांला कशापायी दावायचं?"

मी त्यांचाच पोरगा. पुन्हा विनवलं नाही. "हलू नका," म्हणालो आणि टोपण काढलं. त्यांनी खोकला धरून ठेवला. टोपण बसवल्याबरोबर बांधावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईतो खोकले.

फोटो उठला. डोक्याशेजारी सूर्य, खाली काळं रान, मध्ये काळे आबा. खोकला धरल्यामुळं खांदे हलले, तेवढे पुसट आलेत. मालक म्हणाले, वाया गेली काच. मी म्हणालो, माझी गेली ना?

पावसात पाणी चढलं. आम्ही माळावरून बघत होतो. आधी बांध गेला, मग झाडांचे शेंडे तेवढे उरले, मग तेही नाही. दसऱ्याच्या आत आबाही गेले.

तेराव्याला मी पाटावर फोटो मांडला, लोणावळ्यात मोठ्या घरी पाहिलं होतं तसा. आई झेंडूचा हार घेऊन आली आणि उभीच राहिली. "पाठीला हार घालत्यात व्हय रं?" म्हणाली. "येवडा हिंडलास त्यांच्या मागं, आन त्वांड न्हाई आनलंस." हार तिने पाटाच्या कडेला ठेवला. त्यानंतर त्या फोटोला कधी हार चढला नाही.

आई पुढं पुष्कळ जगली. शेवटी नजर गेली होती, पण आठवण शाबूत होती. एका दुपारी तिने विचारलं, "त्यांच्या भिवईवर तीळ हुता. कंच्या रं?"

मी ठासून सांगितलं, "उजव्या."

"मला डाव्या वाटतोय."

"उजव्याच, आये."

"तुज्या फोटूत बघ की," ती म्हणाली. मग तिलाच आठवलं.