आबांच्या नावाची हजेरी

"एका शब्दासाठी एवढा प्रवास?" नागपूर स्टेशनवर नवऱ्याने विचारलं. मी "हो" म्हटलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की माणूस एवढ्या उत्तरावर भागवून घेतो. त्याने मुकाट्याने थर्मास माझ्या हातात दिला आणि गाडी हलली.

तो शब्द म्हणजे 'हाजर'. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं. तिथे शेतीवर भागत नाही, म्हणून पुरुष एक तर मुंबईला जातात, नाही तर पलटणीत. आमच्या गावात शाळेपुढे एक दगड आहे. लढाईत कामी आलेल्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. जत्रेच्या आदल्या दिवशी पलटणीत घेतात तशी त्या नावांची हजेरी होते. नाव पुकारलं की त्या घरातलं कोणी तरी उभं राहून "हाजर!" म्हणतं. जोवर घर ओ देतंय, तोवर माणूस ड्युटीवर आहे, असं गाव मानतं.

आमच्या घरची ओ माझे वडील द्यायचे. ते स्वतः फौजी, आवाज खणखणीत. गेल्या श्रावणात ते गेले. मी एकुलती एक, आणि माझा मुलगा कॅनडात. तेव्हा आता मीच. त्यात यंदा तीन पिढ्या फौजेत असलेल्या घरांचा सत्कारही होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलाफुलांचं निमंत्रण आलं होतं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. दगडावर आमच्या घरचं नाव आहे 'शिपाई गणपत महिपती'. आणि गणपत महिपती म्हणजे माझे आजोबा, आबा. ते कुठल्याही लढाईत गेले नाहीत. ते माझ्या लग्नात पंगतीला बसले होते आणि मठ्ठ्यात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले होते!

झालं होतं असं. दुसऱ्या महायुद्धाच्या भरतीत आबांची निवड झाली आणि निघायच्या आठवड्यात हिवतापाने त्यांना आडवं केलं. पणजोबा महिपती जुने शिपाई. पोरगा देतो म्हणून शब्द दिलेला. मग धाकटा भाऊ दगडू, जेमतेम सोळाचा, थोरल्याचे कागद घेऊन थोरल्याच्या नावाने गेला. परत आला तो कागद. 'गणपत महिपती कामी आले.' कागदावरचं नाव दगडावर गेलं. तेव्हापासून आबांना कोणी गणपत म्हटलं नाही. वीस-बावीस वर्षांच्या तरण्या माणसाला अख्खं गाव 'आबा' म्हणू लागलं. आणि दर वर्षी दगडापुढे गणपतचं नाव पुकारलं की स्वतः गणपत उभा राहून "हाजर" म्हणायचा. हे त्यांनी मरेपर्यंत केलं; जुन्या माणसांनी ते पोटात ठेवलं आणि पुढच्या पिढ्यांना आबा म्हणजे गणपतचा भाऊच वाटले.

दवाखान्यात बाबांनी माझा हात धरून सांगितलं होतं, "एकदा तरी दगडूकाकाचं नाव पुकारायला लाव. तू शेवटची आहेस. तू गेलीस की तो पोरगा जन्मलाच नव्हता असं होईल."

पुणे सोडल्यावर गाडीत एक जवान चढला. सुट्टीवर निघालेला, काळी ट्रंक, ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव-नंबर. मला खिडकी देऊन म्हणाला, "मावशी, कुठं निघाला?" गावाचं नाव सांगितलं तर तो खुशच झाला. "आवं मग तुमी आमच्यातल्याच की!" लोणंदला कांद्याचा वास डब्यात शिरला तसा तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. कोरेगावला उतरायला अजून बराच वेळ होता. बाबाही सुट्टीवर येताना असेच तासभर आधी दारात उभे राहत असतील, असं वाटलं. पुढे रहिमतपूर गेलं, उसाची हिरवळ दाट होत गेली. मला मात्र डोळ्यांपुढे माणचा उघडा माळच दिसत होता.

सांगलीला उतरून आधी आत्याकडे गेले. आत्या म्हणजे आबांची लेक, बाबांची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली. कृष्णाकाठच्या उसाच्या गावात दिली होती. घरातलं वडीलधारं माणूस आता तेवढंच उरलंय. तिच्या कानावर घातल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हतं.

"आलीस व्हय? लय वाळलीस गं," आत्या म्हणाली. मी वाळलेली नाही, हे माझ्या सगळ्या ब्लाउजांना ठाऊक आहे. संध्याकाळी सहालाच तिने ताट वाढलं. शेजारी जैन कुटुंब, ते दिवस मावळायच्या आत जेवतात. पन्नास वर्षांच्या शेजाराने आत्यालाही तीच सवय लागलेली. भाकरी, वांग्याची भाजी, वर दाट दही. मी दोन घास खाल्ले आणि विषय काढला.

आत्याचा हात थांबला. "न्हाई," ती म्हणाली. "त्ये हाय तसं ऱ्हाऊ दे."

"पण आत्या, बाबा म्हणाले होते..."

"तुज्या बापाला काय जातंय! दगडू गेला म्हनलं की लोक इचारनार, मग गनपत कुटं व्हता? घरात निजला व्हता? धाकट्याला म्होरं घातलं अन् सोता वाचला? माजा बाप भेकड न्हवता."

"मग दगडूआजोबा कोणीच नव्हते का?"

मला असं तडकून बोलायला नको होतं. आत्याने ताट बाजूला सारलं आणि आत गेली. सकाळी मी निघाले तेव्हा भडंगाची पुडी (सांगलीचे मसालेदार चुरमुरे) उंबऱ्यावर ठेवलेली होती. ती स्वतः काही बाहेर आली नाही.

रागाच्या भरात सांगली स्टँडवर मी समोर दिसली त्या बसमध्ये चढले. कंडक्टर आला, मी आमच्या तालुक्याचं गाव दहिवडी म्हटलं, तर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, दहिवडीला कर्नाटकाकडनं चाललाय व्हय? ही जतची गाडी हाय!" बस हसली. मी खाली उतरले, विट्याची गाडी पकडली, आणि मग विट्याहून दहिवडीची. रस्ता जसा वर चढत गेला तसा ऊस मागे पडला. माळ, बोरी-बाभळी, मेंढ्यांचा एक भलामोठा कळप. त्या उघड्याबोडक्या मुलखाला बघून इतकं भरून का यावं, सांगता येत नाही. माहेर संपलं तरी माहेरची वाट संपत नाही, एवढंच खरं.

गावात हजेरी घेणारे गृहस्थ म्हणजे एक निवृत्त सुभेदार. गाव त्यांना नुसतं सुभेदार म्हणतं. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा सदरा. संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेले. त्यांच्या सूनबाईंनी माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ, गरम कढण) प्यायला दिलं. सुभेदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आमी ल्हान व्हतो तवा म्हातारी मान्सं कुजबुजायची. ठावं हाय मला. पर ताई, मला हुकूम दगडाचा. जे कोरलंय त्येच वाचनार. घरातल्या थोरल्या मान्सानं चारचौघांत सांगितलं तर गोष्ट येगळी. तुमची आत्या हाय न्हवं?"

"आहे," मी म्हटलं. माडग्याची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढे मांडव. सुट्टीवर आलेले जवान गणवेशात, म्हातारे माजी सैनिक छातीवर पदकं लावून. मीही बाबांची पदकं पदरावर लावली होती. उजवीकडे लावायची. स्वतः मिळवलेली असती तर डावीकडे, हे मला एका हवालदाराने दुरुस्त करून सांगितलं. सत्कार झाला. पणजोबांचं नाव घेतलं, गणपतचं घेतलं, बाबांचं घेतलं. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. टाळ्या वाजल्या आणि मला काहीच आनंद झाला नाही.

मग हजेरी. सुभेदार दगडापुढे ताठ उभे राहिले. एकेक नाव आणि एकेक "हाजर!" कुठे म्हातारीचा चिरका आवाज, कुठे तरण्या पोरीचा. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी. घरच्या वडीलधाऱ्या बाईचा नकार, आणि बाबांनी टाकलेला शब्द.

"शिपाई गणपत महिपती!"

मी उभी राहिले. आवाज फुटेना. तेवढ्यात मांडवाच्या मागच्या बाजूने आवाज आला.

"गनपत घरी व्हता!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. आत्या! आतेभावाचा हात धरून, जीपमधून नुकतीच उतरलेली, डोईवरचा पदर घट्ट धरलेला. "माजा बाप घरी व्हता. तापानं फणफणला व्हता. त्येच्या जागी गेला त्यो दगडू. माजा चुलता. सोळा वर्सांचा. मी घरात थोरली हाय, मी सांगतिया."

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग पाय जोडून, छाती काढून, आधीपेक्षाही मोठ्याने पुकारलं, "शिपाई दगडू महिपती!"

"हाजर!" मी म्हटलं. म्हटलं कसलं, ओरडले. माझ्याबरोबर आत्याही ओरडली. नंतर मला नीट काही दिसत नव्हतं. ऐंशी वर्षं त्या पोराला कोणी हाक मारली नव्हती.

दुपारी आत्याजवळ बसले. ती दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होती. "आबा हाजर म्हनून आला की दोन दिस बोलायचा न्हाई," ती म्हणाली. "शेरडांच्या गोठ्यात पाठ करून बसायचा. आमाला वाटायचं, भावाच्या दुक्कानं. तू भांडून गेलीस अन् मला कळलं. त्येला खरं सांगायचं व्हतं गं. आमीच कवा सांगू दिलं न्हाई." मग म्हणाली, "आता त्येचं नाव मोकळं झालं. इतकी वर्सं घरात कुनी पोराला गनपत नाव ठिवलं न्हाई. मेल्याल्याचं नाव म्हनून."

दगडावर नाव कोरायला ग्रामसभेचा ठराव लागेल, असं सुभेदार म्हणाले. लागू दे. तोवर तोंडी चालेल.

साताऱ्याहून परतीची गाडी पकडली. नारळ पिशवीत, शाल मांडीवर. फौजेत गेलेल्यांचा मान होतो आणि तो व्हायलाच हवा. पण घरी राहिलेला एक माणूस आयुष्यभर भावाची ड्युटी स्वतःच्या नावावर करत होता, त्याला कोणी शाल घातली नाही. आबा असायला हवे होते. बाबाही. फार असायला हवे होते.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, कसा झाला कार्यक्रम? युद्धात गेलेल्या गणपत आजोबांचं नाव घेतलं का?"

"गणपत घरी होता रे," मी म्हटलं. "गेला तो दगडू."

"दगडू कोण?"

बाहेर लोणंद आलं होतं, पुन्हा तोच कांद्याचा वास. पुण्याला अजून अवकाश होता. मी पाय वर घेऊन बसले आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.